दुधासारखं समजा

कोल्हापूर, ६ नोव्हेंबर २०२४

आक्का,

पाया पडतो. समोर असतो तर तू पाय मागे घेतले असतेस, म्हणून कागदावरूनच पडतो.

भाऊबीजेला तू आली नाहीस. येणार नाहीस हे ठाऊक असूनही रविवारी मी नवा शर्ट घालून बारा वाजेपर्यंत सोप्यात बसलो. शेवटी हिनं पाट उचलून ठेवला आणि ताट वाढलं. फोनवर तू येत नाहीस. तुझी निशिगंधा उचलते आणि "आई रानात गेलीया, मामा" म्हणते. संध्याकाळी साडेसातला शाहूवाडीच्या डोंगरात कुठलं रान असतं हे मी तिला विचारत नाही. पोरीला खोटं नीट बोलता येत नाही. पत्र मात्र पोस्टमन हातात देईल आणि तू सातवी शिकलेली आहेस, तेव्हा लिहितोय.

तुझा राग कशावर आहे ते मला कळतं. डेअरीच्या चौकशीत मी लिहून दिलं की, 'पिराजी यांनी प्रशिक्षणात शिकवलेल्या पद्धतीने नमुना घेतला नाही.' त्या एका ओळीवर दाजींची नोकरी गेली. डेअरीनं त्याच कागदाची नक्कल गावाला दिली आणि दाजींचं नावही गेलं. सख्ख्या भावानं माझ्या अन्नात माती कालवली, असं तू गाव सोडून जाताना पारावर म्हणालीस. मला सांगायला चार जण आले. लोक अशा गोष्टी पोचवायला फार तत्पर असतात.

पण माझी बाजू एकदा ऐक. आमचा प्लॅन्ट तू कधी आतून पाहिला नाहीस. डेअरीत रोज टँकर, कॅन, फरशा धुतल्या जातात. ते सगळं पांढुरकं पाणी मागच्या मोठ्या हौदात येतं. तिथं तळातून नळ्यांनी हवा सोडतात. त्या हवेवर पाण्यातले जिवाणू जगतात आणि दुधाचा अंश खाऊन टाकतात. मग ते पाणी नाल्याला सोडायचं. हवा कमी पडली की जिवाणू मरतात, पाणी सडतं, आणि तुमचं गाव नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. म्हणून हौदातल्या पाण्यात प्राणवायू आहे की नाही ते रोज सकाळी बघावं लागतं. पूर्वी ते मी एकटा बघायचो. मागच्या वर्षी ठरलं की रोजच्या साध्या चाचण्या कामगारांनीच करायच्या आणि त्यांना मी शिकवायचं. नऊ जण होते, त्यात दाजी. त्यांना तिथं कामाला मीच लावलं होतं.

चाचणी अवघड नाही. काचेची बाटली पाण्यानं काठोकाठ भरायची, दोन औषधं सोडायची, बूच लावून हलवायची. आत तपकिरी साका दिसला तर प्राणवायू आहे. पांढरा राहिला तर नाही. जन्मभर पांढऱ्यालाच चांगलं म्हणणाऱ्या माणसांच्या डोक्यात हे उलटं बसवायला मला तीन दिवस लागले. एक मात्र सांभाळावं लागतं. बाटली भरण्याआधी पाणी ढवळलं गेलं की बाहेरची हवा त्यात मिसळते, आणि मेलेलं पाणीसुद्धा तपकिरी दिसतं.

दाजींनी पाणी बादलीत काढून ढवळलं. रोज ढवळलं. एप्रिलच्या शेवटापासून एकोणीस दिवस वहीत तपकिरी, तपकिरी, तपकिरी. मोटरी फिरत होत्या, पण तळाच्या नळ्या चोंदल्या होत्या आणि हौदात हवा जात नव्हती. पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस. नाल्यातले मासे उलटे झाले. उन्हाचं नाल्याच्या डोहात बसणाऱ्या म्हशींना दगडी झाली. कास दगडासारखी घट्ट, आणि पिळलं की दुधाऐवजी रक्त. एकवीस म्हशी, त्यातल्या निम्म्या कायमच्या आटल्या. तुमच्याही दोन.

लोकांनी मग दाजींना वाळीत टाकलं नाही, एवढंच म्हणायचं. शेतात पैऱ्यानं कामाला कुणी येईना, हाक मारली तर कुणी ओ देईना. ज्या माणसानं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून लग्नानंतर तिच्या सासरी कधी दुपारची वेळ धरली नाही, तो आज शाहूवाडीला तिच्याच, निशिगंधाच्या, घरात राहतो. मला हे बोचत नाही असं समजू नकोस.

पण मी काय लिहून द्यायला हवं होतं? दाजींनी ढवळलं नाही असं?

तुझा धाकटा,
आकाराम


कोल्हापूर, २४ नोव्हेंबर २०२४

आक्का,

मागच्या पत्रात मी तुला एकही गोष्ट खोटी लिहिली नव्हती. एक गोष्ट लिहिली नव्हती, एवढंच. ती तेव्हाच लिहिणार होतो, पण हात वळला नाही.

गेल्या आठवड्यात वरून हुकूम आला, सगळ्यांना पुन्हा एकदा शिकवा. आमच्याकडे चिमणाबाई म्हणून आहे. आधी कॅन धुवायची, आता चाचण्या करते. आठ जणांत ती एकटी बाई आणि बाटली सगळ्यांत सुबक तीच भरते. मी फळ्यावर लिहीत होतो, तर ती मागून उठली.

"सर, आवंदा बी दुधासारखंच समजायचं काय? का आता येगळं?"

"म्हणजे?" मी विचारलं. म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं.

"न्हाय, गेल्या वक्ताला तुमीच सांगितलासा की. नमुना कसा घ्यायचा, तर दुधासारखं समजा. मी बी ढवळूनच घेत हुते. पिराजीमामांवर आल्यावर सोडलं."

"आता वेगळं," मी म्हणालो. "बस खाली." ती बसली. बाकीचे सगळे वहीत बघत होते, आणि त्यांच्या वह्या कोऱ्या होत्या.

खरं आहे, आक्का. मी तसं म्हणालो होतो. पहिल्या दिवशी सगळे अंग चोरून बसले होते. दाजी सगळ्यांच्या मागे, बायकोच्या धाकट्या भावापुढे शाळकरी होऊन बसायचं म्हणून मान खाली. त्यांना जरा मोकळं करावं, सगळ्यांसमोर त्यांचा मान राहावा, म्हणून मी विचारलं, "दाजी, संस्थेत दूध घालताना नमुना कसा घेत्यात?"

दाजींनी मान वर केली. "कॅन आदी तळापासनं ढवळायचा, मग माप बुडवायचं. न ढवळता घेतला तर वरची साय तेवढी येती. फॅट खोटी लागती."

"झालं तर मग. हेही दुधासारखं समजा," मी म्हणालो. सगळे हसले, दाजीसुद्धा हसले. शिकवणं जमलं असं मला वाटलं आणि त्या दिवशी मी फार खूश होतो.

त्या वेळी माझ्या डोक्यात गाळाची चाचणी होती. तिला ढवळलेलंच पाणी लागतं. प्राणवायूची चाचणी तिसऱ्या दिवशी घेतली. तेव्हा 'इथं मात्र ढवळायचं नाही' हे वेगळं सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. मला ते इतकं साधं वाटत होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. बाटली सावकाश भरा, बुडबुडा राहू देऊ नका, इतकंच बोललो. दाजी सावकाशच भरायचे. आधी बादली तळापासून ढवळायचे आणि मग सावकाश भरायचे. चाळीस वर्षं संस्थेला दूध घातलेला माणूस न ढवळता नमुना देणं म्हणजे लबाडी समजतो. ते ढवळत होते ते इमानानं ढवळत होते.

म्हणजे चौकशीतली माझी ओळ खोटी आहे. शिकवलेल्या पद्धतीनंच त्यांनी नमुना घेतला होता.

उदयसिंह साहेब, आमचे मॅनेजर, समोर बसले होते. पुढ्यात प्रशिक्षणाची वही आणि तिच्यावर पानापानाला माझी सही. "ढवळू नका हे शिकवलं होतं की नाही?" एवढंच त्यांनी विचारलं. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो म्हणालो असतो तर तुला कदाचित समजलं असतं, पण तसंही नाही. पंचवीस वर्षं त्या लॅबमध्ये कुणी माझी चूक काढलेली नव्हती, आणि ती निघू नये म्हणून मी "होय" म्हणालो आणि ती ओळ लिहून दिली.

आकाराम


कोल्हापूर, १५ डिसेंबर २०२४

आक्का,

निशिगंधाचा फोन आला. मी न करता आला, हे पहिल्यांदाच. म्हणाली, "मामा, आईनं दोनी पत्रं वाचली. बाबांस्नी दावली न्हाईत. आई म्हणती, आदी सायबाला सांग, मग गावाला सांग. तवा मी बोलंन."

तुझं बोलणं तू पोरीच्या तोंडून पाठवलंस, पण आवाज तुझाच ऐकू आला. लहानपणी मी शाळा चुकवली की तू असंच दोन गोष्टी सांगायचीस, आणि दोन्ही झाल्याशिवाय भाकरी वाढायची नाहीस.

पहिली झाली. सोमवारी मी लेखी अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. तुला लिहिलं तेच सगळं लिहिलं होतं, दुधाचंसुद्धा. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"आकाराम, कशाला उकरून काढताय? गावाला औषधपाणी दिलं, नळ्या बदलल्या, विषय मिटला. हा कागद फायलीला लावला की चौकशी परत उघडायची. मग पिराजीला परत घ्या, म्हणजे आम्ही चुकलो म्हणा. कुणाला पाहिजे ते?"

"दाजींना पाहिजे," मी म्हणालो.

"त्यांनी अर्ज केलाय?" त्यांनी कागद घडी करून माझ्याच खिशात घातला. "आणि फेब्रुवारीत दुसऱ्या प्लॅन्टचे वीस लोक यायचेत. त्यांना तुम्हीच शिकवायचं. तुमच्याइतकं सोपं करून कोण सांगतं?"

मी बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो. सुटलो असं वाटलं, आक्का. पहिल्यांदा तेच वाटलं. लाज नंतर वाटली.

आता एक राहिलंय. हे अर्जातही लिहिलेलं नाही. चिमणाबाईलाही ठाऊक नाही. मला आणि दाजींना ठाऊक आहे.

मे महिन्यात, म्हशी आजारी पडायच्या आठ-दहा दिवस आधी, दाजी लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. कितीदा सांगितलं तरी ते चपला बाहेर काढूनच यायचे. मी महिन्याचा अहवाल लिहीत होतो, बाहेरून आलेले दोन अधिकारी समोर बसले होते.

"सर, हौदाचा वास बदललाय," दाजी म्हणाले. कामावर ते मला सरच म्हणायचे. "नासल्या दुदाचा न्हाय. गटारीवानी येतोय."

"बाटली काय म्हणते?"

"तपकिरी."

"मग नाकावर जाऊ नका. नाक फसतं, बाटली फसत नाही."

"माझा जन्म म्हशीत गेलाय, सर. वास कळतोय मला. जरा येऊन बगतासा काय?"

अधिकाऱ्यांपुढे मला ते बरं दिसलं नाही. मी म्हणालो, "दाजी, वासावरच चालायचं तर शिकून उपयोग काय?" ते चपला घालून परत गेले. दोन दिवसांनी परत आले, तेच म्हणाले, मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा आले नाहीत. हौद माझ्या खुर्चीपासून शंभर पावलांवर आहे. मी एकदाही उठलो नाही.

दाजींनी हे चौकशीत काढलं असतं तर माझी सही तिथंच उघडी पडली असती. त्यांनी ते काढलं नाही असं मला साहेबांच्या बोलण्यावरून कळलं. का काढलं नाही, याचा मी तेव्हा विचारही केला नाही.

सव्वीस जानेवारीला गावात ग्रामसभा असते. तिथं जाईन. वासाचंही सांगेन.

आकाराम


कोल्हापूर, २७ जानेवारी २०२५

आक्का,

काल जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच सभा बसली. शंभर-सव्वाशे माणसं असतील. मला बघून कुणी तोंड फिरवलं नाही, उलट पुढं जागा दिली. दाजींचा विषय निघाला की तिथं अजून 'दगडीवाला पिराजी' म्हणतात. लहान पोरंसुद्धा तेच म्हणतात, आणि त्यांना त्यात वाईट काही वाटत नाही. रस्त्याचा विषय झाला, पाण्याचा झाला. मग मी हात वर करून उभा राहिलो.

सगळं सांगितलं. मी चुकीचं शिकवलं, दाजींनी मी शिकवलं तसंच केलं. त्यांना वास आला होता, त्यांनी दोनदा येऊन सांगितलं, मी उठलो नाही. चौकशीत मी खोटं लिहून दिलं. म्हशी माझ्यामुळं गेल्या, पिराजीमुळं नाही. शब्द एकही गिळला नाही. तुझी शपथ.

कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुमच्या दूध संस्थेचे गणपतराव उठले, पिशवीतून एक फाईल काढली आणि म्हणाले, "पावणं, बसा वाईच. ही डेअरीनं दिलेली कागदं हाईत. ह्यो तुमचा." माझी ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "आनि ह्यो पिराजीचा."

दाजींनीही लिहून दिलं होतं, हे मला काल कळलं. तुला माहीत होतं का? मला वाटत नाही. गणपतरावांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि कागद माझ्या हातात दिला. दाजींचंच अक्षर होतं, मोठं मोठं, ओळ सोडून उतरत गेलेलं. 'आकाराम सरांनी सर्व नीट शिकवले होते. ढवळू नये असेही सांगितले होते. मला वास आला होता, परंतु मी सरांना कळविले नाही. चूक माझी एकट्याची आहे.' खाली सही आणि तारीख. तारीख माझ्या कागदाच्या दोन दिवस आधीची आहे.

मी साहेबांसमोर भिऊन "होय" म्हणालो, त्याच्या दोन दिवस आधी दाजींनी मला सोडवलं होतं. मला कुणी हात लावू शकत नव्हतं, आक्का. मी खरं बोललो असतो तरी चाललं असतं, आणि मी खोटं बोललो. त्यांनी असं का लिहिलं हे त्यांना विचारायची गरज नाही. आई गेल्यावर तू मला कडेवर घेऊन त्या घरात नांदायला गेलीस. मला लागलं की तुला लागतं, हे त्या माणसानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं बघितलंय.

"दोगांचं बी म्हणणं एकच हाय," गणपतराव म्हणाले, "आनि आज तुमी येगळं बोलायलाईसा. आमाला कळतंय, पावणं. भनीचा संसार उगड्यावर पडलाय, जीव तुटतोय. पर त्यापायी आपल्या अंगावर कशाला घ्यायचं?"

"मी खरं बोलतोय," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. बसा."

"कागद खोटा आहे. दोन्ही खोटे आहेत."

"सईशिक्क्याचा कागद खोटा, आनि तोंडचं खरं? असं कुटं असतंय व्हय?" ते रागानं बोलत नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली. तिच्या तिन्ही म्हशी आटल्या, हे मी यादीत वाचलेलं आहे. "भाऊ असावा तर असा," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या.

चौकशीतल्या माझ्या ओळीवर त्या सगळ्यांचा विश्वास आहे. दाजींच्या ओळींवर आहे. कालच्या माझ्या बोलण्यावर कुणाचाच नाही. आता तो कागद खोटा आहे असं म्हणू शकेल असा एकच माणूस उरलाय, आणि त्यानं ते म्हणावं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? हे पत्र दाजींना वाचून दाखव. आधीची तीनही दाखव. त्यांना काय करायचं ते ते ठरवतील. राजीनामा मी अजून दिलेला नाही, तेही सांग.

तुझ्या दोन्ही गोष्टी मी केल्या. त्यांनी काही बदललं नाही. तू बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही.

सभा संपल्यावर गणपतरावांनी हाताला धरून मला संस्थेत नेलं. खुर्ची पुसून दिली, पोराला पिटाळून चहा मागवला. पाच-सहा जण भोवती जमले आणि माझ्याशी फार मायेनं बोलत राहिले. खिडकीतून तुमच्या घराचं दार दिसत होतं, कुलूप लावलेलं. चहा गार होतोय म्हणाले. मी तो प्यालो, आक्का.

आकाराम